खांबाचा खरा राखाडी

दादाच्या खोलीत रंगाच्या शंभरेक बाटल्या आहेत. प्रत्येक अंगठ्याएवढी. प्रत्येकीत काचेची एक गोळी. पोलादाची नाही. पाण्याच्या रंगात पोलाद गंजतं आणि पांढऱ्याचा पिवळा होतो.

दादा माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. दिवसभर दातांच्या कवळ्या बनवतो. "माझं काम शंभर तोंडांत आहे, नाव एकाही तोंडात नाही," म्हणतो. सुटीच्या दिवशी छोट्या बस करतो, पूल करतो, रंगवतो. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलोय. त्याने मला बाटल्या हलवायच्या कामाला लावलं.

त्याची रीत ठरलेली. बाटली आधी पाच मिनिटं उलटी ठेवायची. मग कोमट पाण्यात. मग तळ वर धरून शंभर हेलकावे. "गोळी बोलली पाहिजे," तो सांगायचा. टकटक आली की तळाचा गाळ सुटला. गोळी मुकी असेल तर रंग अजून खालीच झोपलाय.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या ताईचा नवरा, म्हणजे भावोजी, चालवत असलेली सरकारी बस डेपोच्या फाटकाशी खांबाला घासली. दारातल्या प्रवाशाचा हात मोडला. खांब आदल्याच दिवशी रोवलेला. राखाडी भिंत, पुढे राखाडी खांब. अपघातानंतर दोन दिवसांनी बस खात्याने तो पिवळा-काळा करून टाकला. आता म्हणतात, खांब स्वच्छ दिसत होता. चौकशीत दोष लागला तर नोकरी जाणार.

पिवळा लागायच्या आधी दादाने दात कोरायच्या हत्याराने जुन्या रंगाची एक खपली काढून कवळीच्या डबीत ठेवली होती. मग त्याने सगळं फाटक टेबलावर मावेल एवढं बनवलं. भिंत, बस, चालकाची जागा, बाहेरचा आरसा. चौकशी अधिकाऱ्याने ते आणायची परवानगी दिली.

सुनावणी अकराला. सकाळी नऊला फक्त खांब रंगवायचा राहिला होता. दादा आरशाचा कोन बसवत होता. खपलीशी जुळवून केलेल्या राखाडीची बाटली मी हलवली. त्याने ब्रश बुडवला, दोन हात दिले, केस वाळवायच्या यंत्राने सुकवलं.

खांब भिंतीत विरघळला.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "दिसतच नाही रे! माझ्या नवऱ्याला काय डोंबल दिसणार होता?" ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. भावोजी गणवेशात खुर्चीवर बसले होते. त्यांनी टोपी मांडीवरून डोक्यावर ठेवली.

दादाने बाटली जागेवर ठेवायला उचलली. सवयीने हलवली. थांबला. कानाशी नेऊन पुन्हा हलवली.

"कोणी हलवली ही?"

"मी."

"उलटी ठेवली होतीस?"

मी मान खाली घातली. गोळी मुकी होती.

"राखाडीत पांढरा असतो आणि काळा असतो," तो म्हणाला. "पांढरा जड. तो तळाला बसलाय. वर आलाय तो काळपट. भिंतीसारखा." त्याने डबीतली खपली काढून खांबाशी धरली. खपली उजळ होती. थोडीशीच. पण होती.

"मग झालं ते बरंच झालं," ताई म्हणाली.

"ताई, खांब असा नव्हता."

"ती खपली कुणी पाहिलीय? फेकून दे. साडेनऊ वाजलेत."

"मी पाहिलीय."

"कवळ्या करता करता तुझी अक्कलदाढ पडली की काय? सख्ख्या बहिणीचं घर मोडशील एका थेंबासाठी?"

दादाने खपली परत डबीत ठेवली. त्याच्या हातात बाटली होती. मला वाटलं, आता खाली ठेवेल. कुणीही ठेवली असती. मी तर फेकून दिली असती.

भावोजी उठले. आत गेले. कोमट पाण्याची वाटी आणून दादापुढे ठेवली. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दादाने सुईने गाळ फोडला. बाटली पाण्यात धरली. मग शंभर हेलकावे. मी मनात मोजत होतो. त्रेसष्टाव्याला गोळी बोलली. तरी त्याने शंभर पुरे केले.

नवा हात सुकला. खांब भिंतीपुढे उभा राहिला. फिकट, पण दिसणारा.

चौकशीच्या टेबलावर खात्याचा माणूस हसला. "दिसतोय की खांब!"

"दिसतो," भावोजी म्हणाले. "उभं राहून बघितलं तर दिसतो."

"हाच रंग होता कशावरून?" अधिकाऱ्याने विचारलं. दादाने डबी पुढे केली. अधिकारी तेवढ्यावर थांबला नाही. आम्हा सगळ्यांना छोट्या फाटकासकट खऱ्या फाटकाशी घेऊन गेला. खांबाचा पिवळा स्वतः खरवडला. खालची राखाडी खपली आमच्या खांबावर ठेवली. ती कुठे संपते ते मला सांगता येईना.

मग तो वाकला. छोट्या बसच्या चालकाच्या जागेमागे दादाने भोक ठेवलं होतं. अधिकाऱ्याने तिथे डोळा लावला. आरशाची चौकट बरोबर खांबावर येऊन त्याला झाकत होती. तो उठला, पुन्हा वाकला.

"आरसे मापून घ्या," तो खात्याच्या माणसाला म्हणाला. "सगळ्या गाड्यांचे."

भावोजींना तीन महिने गाडी चालवू दिली नाही. सावकाश वळायला हवं होतं, असा शेरा पडला. नोकरी राहिली.

ताई दादाशी अजून बोलत नाही. काल भावोजी एकटेच आले. खोलीत बसले. मी न सांगता बाटल्या उलट्या करून ठेवत होतो. त्यांनी एक उचलली, कानाशी धरून हलवली.

"बोलतेय," ते म्हणाले.