खडूचे तीन ठोके

सरांची एक पद्धत होती. वर्गाला विचारून काही ठरवायचं असलं की ते म्हणायचे, "कुणाची हरकत?" आणि टेबलावर खडूचे तीन ठोके मारायचे. तिसऱ्या ठोक्यापर्यंत कुणी बोललं नाही तर सगळ्यांची संमती धरायची. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी असा रविवारचा तास मंजूर करून घेतला. आम्ही सगळे गप्प. तीन ठोके झाल्यावर ते हसले आणि म्हणाले, "मिळाली की तुमची संमती. राज्यसंस्थाही असंच म्हणते. तुम्ही तिच्या रस्त्यावरनं चालता, म्हणजे तिचे कायदे तुम्हाला मान्य आहेत. आता सांगा, तुम्ही हो कधी म्हणालात?"

रविवारचा तास झाला नाही, पण ठोके वर्गात राहिले. कॅन्टीनमध्ये वडा घ्यायचा की भजी, यावरही कुणीतरी चमच्यानं ठोके द्यायचं आणि सगळे हसायचे. मी पण हसायचे. आतून मात्र माझा जीव दडपायचा, कारण मी कधीच काही बोलत नसे आणि प्रत्येक वेळी माझं 'हो' मोजलं जायचं.

मी बोलत नसे याला कारण होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच, पण ती जेवणाखाणाची, रुसव्याफुगव्याची. वर्गात सार्वभौमत्व, अधिसत्ता, राजकीय बंधन असे शब्द यायचे. ते मला कळायचे, पण वेळेवर तोंडात यायचे नाहीत. एकदा उत्तर द्यायला उठले आणि वाक्याच्या मध्यावर अडकले. मागच्या बाकावरून कुणीतरी माझं वाक्य पूर्ण केलं. वर्ग हसला. वाईट हेतूनं नसेल, पण तेव्हापासून सरांची नजर आमच्या ओळीकडे वळली की मी वहीत बघून काहीतरी लिहिल्यासारखं करायचे. हातांना घाम सुटायचा आणि शाई फिसकटायची.

फक्त शेजारच्या मुलीशी मी बोलायचे. ती चंदगडकडची, हॉस्टेलवर राहणारी. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मी तिला हळू आवाजात सांगायचे आणि ती माझ्या वहीच्या समासात त्याला मराठी शब्द लिहून द्यायची. माझं चुकलं तर ती हसायची नाही. "असं न्हाय गं, असं म्हण," एवढंच.

त्या सत्रात गटानं निबंध लिहून वर्गात मांडायचा होता. विषय राजकीय बंधन, म्हणजे राज्याचे कायदे आपण का पाळायचे. अंतर्गत गुण त्यावरच होते. ज्याचं नाव गटाच्या यादीत नाही, त्याला शून्य. आमच्या गटात आम्ही पाचजणी होतो. आमची म्होरकी हुपरीची. तिच्या घरी पैंजणांचं काम चालायचं. ती रोज पहिल्या बसनं यायची आणि तिला उशीर खपायचा नाही. बाकी दोघी शहरातल्या. चंदगडची मैत्रीण भात लावणीसाठी घरी गेली आणि तिकडच्या पावसात अडकली. गावात रेंज नव्हती. जाण्याआधी तिनं आपला भाग लिहून माझ्याकडे दिला होता. आठ पानं, दोन्ही बाजूंनी. "टाइप कर आणि सगळ्यांना दाखव," म्हणाली होती.

ती दोन बैठकांना आली नाही. दुसऱ्या बैठकीत, ग्रंथालयाच्या व्हरांड्यात, हुपरीची म्हणाली, "लावणी काय हिच्या एकटीच्याच घरात असती व्हय? मी घरचं काम उरकून येतेच की. चौघींचीच नावं देऊया. कुणाची हरकत?"

आणि पेनानं फरशीवर ठोका मारला.

ती आठ पानं माझ्या पिशवीत होती. पिशवी मांडीवर होती. मला फक्त चेन उघडायची होती. दुसरा ठोका पडला. 'तिनं तिचा भाग दिलाय' हे वाक्य मी मनात जुळवलं, मग ते मध्येच तुटेल असं वाटलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतलं. तिसरा ठोका पडला.

"ठरलं. मॅडमची बी हरकत न्हाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मला सगळ्या मॅडमच म्हणायच्या.

घरी आल्यावर मी ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला. लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला. 'सॉरी, पण' असं सुरू करून पुढे गेलेच नाही. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. आता पाठवलं तर सगळ्या विचारतील, मघाशी का बोलली नाहीस? त्या प्रश्नाची मला जास्त भीती वाटली. यादी शनिवारी द्यायची होती.

गुरुवारी चंदगडची मैत्रीण आली. आजऱ्याच्या अलीकडे रस्त्यात झाड पडलं होतं, चार तास एसटीत बसून होती. ओढणी ओली, पायांना चिखल. बाकावर बसायच्या आधी तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"ग्रुपमधनं काढलंय मला. तू हुतीस न्हवं तितं?"

"होते."

"मग काय म्हणालीस?"

"काही नाही."

तिनं मोबाइल खाली घेतला. "आणि माझी पानं?"

"माझ्याकडेच आहेत."

"म्हंजे तू बी व्हयच म्हणालीस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. पिशवी उचलली आणि दोन बाक पुढे जाऊन बसली. हुपरीच्या मुलीशी ती भांडायला गेली नाही, सरांकडेही गेली नाही. माझ्याकडून पानंही मागितली नाहीत. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

त्या संध्याकाळी मी ती पानं पहिल्यांदा नीट वाचली. दिली तेव्हापासून ती पिशवीतच पडून होती, हेही सांगायला हवं. तिसऱ्या पानावर तिनं लिहिलं होतं: 'आमच्या गावाला सकाळी एकच एसटी येते. मी तिच्यात बसते याचा अर्थ ती जिथं जाईल तिथं जायला मी राजी आहे, असा होत नाही. दुसरी गाडीच नसते. मूक संमती मोजायची असेल तर आधी गाड्या किती आहेत ते मोजावं लागेल.' मी इंग्रजीतून एवढं वाचलं होतं, एवढं अधोरेखित केलं होतं. इतकं साधं मला लिहिता आलं नसतं.

शनिवार उजाडला. सकाळी आईला म्हटलं, आज जात नाही. मग स्वतःच कपडे बदलले आणि निघाले.

सरांनी आमची यादी वाचली. "चारच? पाचवी कुठं गेली?"

"तिनं काम केलं न्हाय सर," हुपरीची म्हणाली. "सगळ्यांच्या एकमतानं ठरलंय."

सरांनी वर्गाकडे पाहिलं. "कुणाची हरकत?"

एक ठोका. दोन बाक पुढे तिची पाठ दिसत होती, ताठ. दुसरा ठोका. उठले ते मला आठवत नाही. बाक करकरलं ते आठवतं.

"सर, आहे. हरकत."

सगळी डोकी वळली. पुढचं वाक्य जुळवून आणलेलं होतं, ते गेलं. मी पुढे जाऊन पानं टेबलावर ठेवली.

"हे तिनं आधीच दिलं होतं. माझ्याकडे. मी सांगितलं नाही."

"का?" सरांनी विचारलं.

"भीती वाटली."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी पानं चाळली, तिसऱ्या पानावर थांबले, मग पेन काढून यादीत पाचवं नाव लिहिलं. मला वाटलं सुटले. तेवढ्यात ते म्हणाले, "सोमवारी हा भाग तुम्ही दोघींनी मांडायचा. ही गाडीची गोष्ट हिनं सांगायची. आणि त्यावर विचारवंत काय म्हणतात ते तुम्ही. मराठीत."

मी मान हलवली. बाकाकडे परतताना हुपरीची पुटपुटली, "मॅडमला कंठ फुटला. आठ पानं दडवून." ते खरंच होतं.

तास सुटल्यावर मी जिन्यात मैत्रिणीची वाट बघत थांबले. ती आली आणि न थांबता दोन पायऱ्या उतरली. मग वळली.

"दोन ठोकं झाल्यावर उठलीस," ती म्हणाली. "मी मोजत हुते."

"सोमवारी माझं मध्येच अडकलं तर?"

"अडकंलच की. रोजच अडकतंय." ती पुढे चालू लागली. "वही घेऊन ये उद्या हॉस्टेलवर. समास मोठा सोड."

त्या सोमवारी आम्ही एकत्र उभ्या राहिलो. माझं दोनदा अडकलं. ती शेजारीच होती, पण तिनं माझं वाक्य पूर्ण केलं नाही. थांबून राहिली. सगळा वर्ग थांबून राहिला. ती शांतता मला अजून आठवते. त्यानंतर महिनाभर ती दोन बाक पुढेच बसली.