इथी कॅमेरा नाई

कंपनीची बस सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली की ललिताबाई सगळ्यांत शेवटी उतरत. रात्रभर नाटक करून आलेली माणसं पेंगत, शाली लपेटून आपापल्या खोल्यांकडे जात, आणि मग बसच्या दारात एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात मेकअपची पेटी घेऊन बाई दिसत. बसमध्ये चढतानाच त्या सगळ्यांना बजावत, वडसा येईपर्यंत मला कोणी उठवायचं नाही. त्या सकाळीही कोणी उठवलं नाही. चामोर्शीकडच्या एका गावाहून बस निघाली, आरमोरीला चहाला थांबली, तेव्हाही त्या झोपल्याच आहेत असं सगळ्यांना वाटलं. मी दारात सडा टाकत होते. सगळे उतरले, आणि कंपनीचे मॅनेजर सुधाकरभाऊ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "ताई, बाई उठून नाई राह्यल्या," एवढंच ते म्हणाले. मी बसमध्ये चढले. डोकं खिडकीला टेकलेलं, अंगावर शाल, चेहऱ्यावर रात्रीचा मेकअप तसाच, कपाळावरचं मोठं कुंकू जरासुद्धा फिसकटलेलं नाही. त्यांचा हात धरून बघितला... गार होता. आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो' असा. हे वाचून कोणाला राग येईल, म्हणून बाकीचं सांगते.

आमचं वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली की होळीपर्यंत इथल्या कंपन्या खेडोपाडी नाटकं लावतात. गावची मंडई म्हणजे जत्रा असो की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, त्या दिवशी घरोघरी लेकी-जावई आणि पाव्हणे आलेले असतात, त्यामुळे रात्री नाटक हवंच. माझ्या घरामागे तीन खोल्या आहेत. त्या मी सीझनपुरत्या नाटकवाल्यांना देते आणि त्यांच्या जेवणाचंही बघते. गर्दी जमावी म्हणून कंपन्यांनी आणलेले बरेच टीव्हीवाले आजवर येऊन गेले. कोणाला गरम पाणी हवं असायचं, कोणाला इंग्लिश संडास. ललिताबाईंनी आल्याबरोबर विचारलं, नळ कुठे आहे आणि कपडे कुठे वाळत घालायचे. तेव्हाच मी ठरवलं, ही बाई टिकणार.

तोवर त्यांना अख्खा महाराष्ट्र ओळखत होता, नावानं मात्र कोणीच नाही. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी त्या टीव्हीवर 'थोरली काकू' म्हणून यायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सुनेच्या खिरीत विष कालवणं, दाराआडून ऐकणं. मग वाहिनीनं गोष्ट एकदम पंधरा वर्षं पुढे नेली आणि एका सोमवारी काकूच्या फोटोला हार घातलेला दाखवला. आपण मेलो हे खुद्द बाईंना आदल्या दिवशी कळलं होतं. त्यानंतर काही दिवस तशाच कजाग काकवांची कामं आली, मग तीही येईनाशी झाली. हे त्यांनी मला लसूण सोलता सोलता सांगितलं, जसं कोणी जुन्या ऑपरेशनबद्दल सांगतं तसं. आमच्याकडच्या पोस्टरवरही त्यांचं नाव बारीक अक्षरांत होतं आणि 'टीव्हीवरची थोरली काकू' हे शब्द बैलाच्या शिंगांएवढे.

आमच्या सासूबाई त्या मालिकेच्या पक्क्या गिऱ्हाईक. काकूला शिव्या घातल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. पण फोटोला हार दिसला त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी उठून डोक्यावरून आंघोळ केली, आणि तेराव्या दिवशी मला वडे-कढी करायला लावून शेजारच्या बायांना जेवू घातलं. मी म्हटलं, आई, ते खोटं आहे. त्या म्हणाल्या, मले समजते ते, पण इतके दिवस घरात होती, मेल्यावर वैर ठेवू नये. आणि मग एक दिवस तीच काकू माझ्या मागच्या अंगणात सुटकेस घेऊन उभी! सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमची तेरवी केली ना मी, बाई," त्या म्हणाल्या. "आता तुमाले जेवाले काय वाढू?"

"तेरवीला काय केलं होतं?"

"वडे अन् कढी."

"तेच वाढा," ललिताबाई म्हणाल्या. "चॅनेलवाल्यांनी तर शेवटच्या दिवशी साधा चहा नाही विचारला."

सासूबाईंनी वडे तळायला घेतले. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं ते जमलंच.

पहिल्याच नाटकात बाई आपटल्या. मी त्या दिवशी गेले होते, कारण नाटक जवळच्याच गावात होतं. टीव्हीत एक वाक्य बोललं की कॅमेरा चेहऱ्यावर येतो, मागे धाड धाड धाड संगीत वाजतं, आणि नट डोळे वटारून थांबून राहतो. बाईंचं अंग त्या सवयीत मुरलेलं. नाटकात त्यांनी नायिकेला धमकी दिली, उजवीकडे मान वळवली आणि थांबल्या. हार्मोनियमवरचा पेटीवाला वाट बघतोय, प्रॉम्प्टर पुढचं वाक्य परत परत देतोय, समोर जमिनीवर बसलेलं सगळं गाव वाट बघतंय... बाई आपल्या वटारलेल्या डोळ्यांनी अंधारात बघतायत. तेवढ्यात मागून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या कोणीतरी अगदी मायेनं सांगितलं, "बोला ना वो बाई. इथी कॅमेरा नाई."

गाव हसलं. दुसरी कोणी असती तर सकाळच्या गाडीनं मुंबईला गेली असती. बाई मान तशीच ठेवून म्हणाल्या, "सवय गेली नाही हो भाऊ," आणि पुढचं वाक्य असं काही टाकलं की ट्रॉलीपर्यंत ऐकू गेलं. नंतर ते वाक्य कंपनीत म्हणच होऊन बसलं. कोणी जरा नखरे केले, आरशापुढे जास्त वेळ बसलं, की बाई स्वतःच म्हणायच्या, इथी कॅमेरा नाई. त्यांच्या तोंडी ते 'नाई' कधीच नीट बसलं नाही, पण म्हणायच्या.

बघता बघता त्या झाडीच्या झाल्या. पोस्टरवर नाव मोठं आलं, काकू लहान झाली. सकाळी आल्या की माझ्या नळाशी बसून खोबरेल तेल आणि कापसानं मेकअप काढायच्या, मग साड्या धुऊन वाळत घालायच्या आणि दुपारपर्यंत झोपायच्या. एका सकाळी अशाच बसलेल्या असताना कुठल्याशा मोबाइल चॅनेलवाल्या माणसानं कुंपणावरून त्यांचं शूटिंग केलं. जुना गाऊन, तेलकट चेहरा, पुढ्यात कपड्यांची बादली. खाली रडकं व्हायोलिन लावलं आणि वर लिहिलं, थोरल्या काकूवर आली ही वेळ. आदल्याच रात्री एका गावानं त्यांना दुसऱ्यांदा चहा पाजल्याशिवाय सोडलं नव्हतं. पण ते कोण दाखवणार? दोन दिवसांत बाईंचा फोन गरम झाला. वर्षानुवर्षं ज्यांनी ख्यालीखुशाली विचारली नव्हती, तीही माणसं मुंबईहून हळहळत होती.

त्याच आठवड्यात ब्रह्मपुरीकडच्या एका बचत गटाच्या बाया टेम्पो करून आमच्या दारात आल्या. तांदळाची चुंगडी, तुरीची डाळ आणि एक हिरवी साडी. त्यांच्यातली म्हातारी बाईंना बघून रडायलाच लागली. म्हणाली, काकू, तुमी लय छळलं त्या पोरीले, पण अशी वेळ कोनावर येऊ नये. मला वाटलं, आता बाई भडकणार. व्हिडिओ पाहिल्यापासून त्या धड जेवल्या नव्हत्या. पण त्यांनी चुंगडीचं तोंड सोडलं, तांदूळ हातात घेऊन बघितले, चांगले आहेत म्हणाल्या, आणि सगळ्यांना बसवून घेतलं. त्याच तांदळाचा भात आम्ही दोघींनी रांधला. वाढायला बाई स्वतः उभ्या राहिल्या. म्हातारीनं ताटाकडे बघत हळूच विचारलं, "खीर तर नाई ना केली?" आणि बाईंसकट सगळ्या जणी अशा हसल्या की सासूबाई आतून बघायला आल्या. ती हिरवी साडी बाईंनी त्याच बायांच्या गावच्या नाटकात नेसली.

टेम्पो गेल्यावर मात्र बाई नळाच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मंदा, मी रोज काम करते, रोज जेवते. मला बिचारी म्हणून मरायचं नाही. मी गेले की तो व्हिडिओवाला माणूस पुन्हा येईल बघ."

मी म्हटलं, आला तर मी दारात उभी राहीन. मला असली बोलणी लांबवायला आवडत नाहीत. पण शब्द दिला तो दिला, आणि तेव्हापासून तो माझ्या मानेवर बसला.

या सीझनच्या आधी त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी जागरण बंद करा म्हणून सांगितलं. मुंबईचा भाचा, त्यांचं सख्खं माणूस म्हणावं असा तो एकटाच, मला फोन करून म्हणाला, मावशीला समजवा, इकडे पाठवा. मुलगा चांगला आहे, मनापासून सांगत होता. मी बाईंना आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तिकडे जाऊन खोलीत पडून राहिले की त्या माणसाचं व्हिडिओवर लिहिलेलं खरं होईल. गोळ्या घेईन, पण बसमध्ये चढेन. 

मग दिवाळीपासून माझं एकच काम होतं. रोज सकाळी बस आली की दारात उभं राहून शेवटच्या माणसाची वाट बघायची. डोळ्यांपुढे दोनच गोष्टी यायच्या. एक म्हणजे कुठल्याशा दवाखान्यात महिनोन्‌महिने पडलेल्या बाई आणि खाटेभोवती मोबाइल. दुसरी म्हणजे भर स्टेजवर कोसळलेल्या बाई आणि समोर अख्खं गाव मोबाइल वर करून. पाण्याची बाटली आणि पेटी दारात दिसली की मी आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. त्या सकाळी शाल नीट पांघरून, आपलं काम पुरं करून, कोणी उठवू नये म्हणून सांगून गेलेल्या बाईंना पाहिलं तेव्हा आम्हा दोघींसाठी 'सुटलो' आलं ते यातून आलं.

दवाखान्यातून त्यांना अंगणात आणलं तोवर गल्ली भरली होती. कोणीतरी खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस आणला, चेहरा पुसू म्हणून. सासूबाई आता नीट उभ्या राहू शकत नाहीत, बाजेवर बसून होत्या. "पुसू नका," त्या म्हणाल्या. "कामावरून आली ते. तशीच जाऊ द्या." मग मी ठरल्याप्रमाणे फाटकात उभी राहिले. तो माणूस आलाच. ओळखला मी, दाढी वाढवली होती तरी. पण फाटकात मला बघून तो वळसा घालून कुंपणाकडे गेला आणि मी तिथे पोचेपर्यंत त्याचा मोबाइल कुंपणावर आलाही. तेवढ्यात बाजेवरून सासूबाईंचा आवाज आला, अजिबात न चढलेला.

"खिशात ठेव ते, भाऊ. इथी कॅमेरा नाई."

कंपनीच्या सगळ्या माणसांनी एकदम माना वर केल्या. पेटीवाल्याला हसू फुटलं आणि हसता हसताच तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मोबाइल खाली गेला. खरं सांगायचं तर तो माणूस ओशाळला होता. फाटकाशी येऊन त्यानं मला हळू आवाजात विचारलं, शेवटचे दिवस हलाखीचे होते का. मी म्हटलं, काल चामोर्शीकडे नाटक होतं, आज कोरचीला आहे, होळीपर्यंत बाईंना एक दिवस मोकळा नव्हता. लिहायचं तर हे लिहा. त्यानं मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दिलेली बातमी पेपरात छापून आली, 'प्रयोग आटोपून परतताना निधन'. मी ती बातमी दोनदा वाचली. बिचारी हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

भाचा नागपूरला विमानानं उतरून संध्याकाळपर्यंत पोचला, आणि वैनगंगेच्या काठी सगळं नीट झालं. कोरचीचं नाटकही झालं. तिथे घरोघरी पाव्हणे येऊन बसले होते, आणि ते रद्द केलेलं बाईंनाच आवडलं नसतं. सुरुवातीला सगळं गाव उभं राहिलं, मग बसलं आणि पडदा उघडला.

तेरवीचा विषय भाच्यानं काढला तेव्हा सासूबाईंनी त्याला समजावून सांगितलं की मावशीची तेरवी मागंच झाली, दोनदा कोनाची करत नाईत. पोरगं माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तो हसला. विधी त्यानं तिकडे जाऊन केले. आमच्याकडे त्या दिवशी वडे-कढी झाली, पण ते नुसतं जेवण होतं, असं सासूबाईंचं म्हणणं.

बाई गेल्याची बातमी फिरली तसं वाहिनीनं ती जुनी मालिका दुपारी पुन्हा लावायला सुरुवात केली. सासूबाई एकही भाग चुकवत नाहीत. शिव्या मात्र आता घालत नाहीत. परवा मी मागे नळावर ताटं धूत होते. कट्ट्याच्या दगडावर बाईंच्या मेकअपचा तांबूस डाग अजून आहे, तेलात मुरलेला, तो सोड्यानंही जात नाही. आतून धाड धाड धाड असं संगीत आलं, म्हणजे काकू डोळे वटारून बघत असणार. संगीत थांबलं. मग टीव्हीतून थोडा वेळ काहीच आवाज नाही... आणि सासूबाई, समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसं सहज म्हणाल्या, "बोला ना वो बाई."

मी नळ बंद केला, हात पुसले आणि काकू काय म्हणते ते ऐकायला आत गेले.