तिसरा सीझन मोहाडीत

जगात हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण मोहाडीतल्या आपल्या दुकानात बसून सातासमुद्रापलीकडच्या कंपनीशी वैर धरणारे आमचे साडभाऊ एकटेच. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणाऱ्यांचं, दुकानही कापडाचंच, आणि वैर कशावरून, तर एका मालिकेवरून. राजे, राण्या, चेटूक, बोलणारी झाडं असा सगळा सरंजाम असलेली ती परदेशी मालिका कुठल्याशा जाडजूड कादंबरीवर काढलेली होती आणि हिंदीत डब होऊन त्यांच्या टीव्हीवर आली होती. दुसरा सीझन संपला तेव्हा राणी एका काळ्या दाराच्या कडीला हात लावून उभी होती आणि दाराआड तिचा वैरी होता. कंपनीने जाहीर केलं की खर्च परवडत नाही, मालिका बंद.

तेव्हापासून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला साडीचा काठ दाखवण्याआधी साडभाऊ विचारू लागले, "तुमाले काय वाटते, बंद करायले पायजे होती का?" जो "हो" म्हणेल त्याला वरच्या फळीवरचा माल दिसत नसे. एका बाईने भाव थोडा कमी करा म्हटलं, तर म्हणाले, "खर्च पाहून हात आखडाले मी काय ते कंपनी हाव का?" आणि लगेच भाव कमीही केला. नात्यातल्या एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला त्यांच्या हाती माईक दिला, तर नवरा-नवरी राहिले बाजूला आणि हे राणीवर झालेल्या अन्यायाबद्दल बोलत सुटले. शेवटी नवरीच्या मामाने जेवणाची पंगत बसवली तेव्हा कुठे माईक सुटला.

मी एकदा समजावून पाहिलं. म्हटलं, दुसरा सीझन खरोखरच रटाळ होता, अर्धा वेळ नुसता घोडा चालतो. खर्च डोंगराएवढा, पाहणारे मूठभर. कंपनीने काय घर विकायचं?

"रटाळ होता, मंजूर," ते म्हणाले. "पण मागावर चढवलेला ताणा रंग आवडला नाही म्हणून मधातून कापते का कोणी, साडभाऊ? वाईट विणू, पण पुरं विणू. पुरी गोष्ट सांगतो म्हणून तुमीच बसवलं ना लोकायले?" हे 'तुमीच' त्यांनी अशा नजरेने म्हटलं की जणू कंपनी माझ्याच वडिलांनी काढली असावी. आमच्याकडे चढवलेला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, खरंच कोणी मधून कापत नाही.

पण खरी गोम वेगळी होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. साडभाऊंचे थोरले भाऊ समोरच्याच घरात राहतात. वडिलांच्या मागे हातमागांची वाटणी झाली तेव्हा दोघांत काहीतरी लागलं, आणि बोलणं जे थांबलं ते थांबलंच. मालिका सुरू झाली तेव्हा थोरले एकदा दारात येऊन साडभाऊंच्या बायकोला म्हणाले, "जरा पाहून घेतो." मग ते दर आठवड्याला येऊ लागले. भावाशी बोलत नसत, टीव्हीशी बोलत. "ह्या राणीनं दिराचं ऐकाचं नाही," असं थोरले पडद्याकडे बघून म्हणत. त्यावर साडभाऊ पडद्यालाच सांगत, "ऐकलं असतं त आज हे पाळी नसती आली." दोन सीझन दोघे भाऊ असे राणीच्या मध्यस्थीने बोलले. मालिका बंद झाली आणि थोरल्यांचं येणंही बंद झालं.

"मग गल्ली ओलांडून तुम्हीच जा की," मी म्हटलं.

साडभाऊंनी चपलेत पाय घातला आणि परत काढला. "जाऊन बोलू काय? काही विषय त पायजे ना, बापा."

सख्ख्या भावाकडे जायला माणसाला विषय लागावा, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. मंडईत पाळणे, जिलेबी आणि भरदुपारी उघड्या मैदानात दंडार, म्हणजे नाचगाण्यातून सांगितलेलं नाटक. दंडारीचा म्होरक्या साडभाऊंचा बालमित्र. साडभाऊंनी त्याला गाठून सांगितलं, "कंपनी करत नसन त आपण करू." आणि मालिकेचा तिसरा सीझन मंडईत उभा राहिला. राणी झालेला शेतकरी मिशी काढायला तयार नव्हता, म्हणून राणीने सबंध वेळ तोंडावर पदर धरला. पळसाच्या फांद्या बांधून घेतलेलं झाड एवढं बोललं की त्याला दोनदा बसवावं लागलं. साडभाऊंनी रचलेल्या शेवटात राणी दार उघडते आणि आतल्या वैऱ्याला माफ करते. राणीने कडी काढायला हात उचलला, तोच लोकांतून थोरले उठून उभे राहिले.

"लहान्या, राणी ते दार उघडत नाही. तुले काही समजलंच नाही."

राणीला नव्हे, भावाला. पेटीवाला वाजवायचा थांबला. साडभाऊ राणीला बाजूला सारून पुढे आले. "काहून नाही उघडत, दादा?"

"तिचा काही गुन्हा आहे का? वैऱ्यानं यावं बाहेर."

तिथून जी जुंपली ती दंडार गुंडाळली तरी मिटली नाही. दोघे भांडत भांडत घरी आले, चहा झाला, पोहे झाले, आणि जाताना थोरले म्हणाले, "उद्या सांगतो तुले." दुसऱ्या दिवशी ते सांगायला आले.

आता रोज संध्याकाळी टीव्ही बंद असतो आणि दोघे समोरासमोर बसून भांडतात. साडभाऊंचा हट्ट दुप्पट झाला आहे. "आता त कंपनीले काढाच लागते तिसरा सीझन. दादाले दाखवाचं हाय मले." मीही त्यांच्याच बाजूचा झालो आहे, अर्धवट सोडलेलं पुरं करावं, खर्च गेला खड्ड्यात, असं मीही चारचौघांत ठणकावून सांगतो. फक्त परवा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, दोघांचे केस पार पांढरे झालेले दिसले. कंपनीने खरंच मालिका काढली, तर दोघांपैकी एकाचं खरं ठरेल, आणि मग दुसऱ्या दिवशी दादा कशाला येतील, असं उगाच मनात येऊन गेलं.