फुकट तापणारे रेझिस्टर

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ठिणगी मावशी सव्वीस वर्षं वायरमन होती. ठिणगी हे नाव तिला कामगारांनी दिलं होतं आणि ते तिनं रीतसर कमावलं होतं. तिच्या तोंडाला सगळे टरकून असत. पण तिच्या राज्यात एकालाही विजेचा झटका बसला नव्हता, हे मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

कारखान्यात कपॅसिटरची दोन कपाटं होती, एक पुढे, एक मागच्या शेडमध्ये. मोटरीची कॉइल चुंबक होण्यासाठी वीज घेते आणि लगेच परतही करते. ही देवघेव लांबच्या लायनीशी न होता घरातल्या घरात व्हावी म्हणून कपाटांत हे कपॅसिटरचे डबे. पण स्विच बंद केला तरी डब्यात वीज दबा धरून बसते. ती जिरावी म्हणून प्रत्येक डब्याच्या डोक्यावर बोटाएवढे रेझिस्टर लावलेले. बंद केल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मग अर्थिंगची सळई लावून उरलीसुरली वीज काढायची, हा मावशीचा कायदा. त्या पाच मिनिटांत खुद्द मालक आला तरी ती दाराला पाठ लावून उभी राही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस रजेवर गेली आणि मॅनेजरसाहेबांनी वीजबचतीचा तज्ज्ञ बोलावला. त्यानं उष्णता मोजायच्या यंत्रातून कपाटांत पाहिलं. रेझिस्टर कोमट दिसले. "हे चोवीस तास फुकट तापतायत, निव्वळ नुकसान," असं म्हणून त्यानं ते सगळे कापायला लावले. मावशीला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. शहाण्याला काय, कात्री हाती आली की झालं!

रजेवरून आली त्या सकाळी तिनं नट आवळायला पुढचं कपाट बंद केलं, पाच मिनिटं थांबली, सवयीनं मीटर लावला. पाचशे ऐंशी व्होल्ट. मीटर बिघडला असेल, असं तिला वाटलं. मग रेझिस्टरच्या जागी उरलेले तारांचे तुकडे दिसले आणि ती मागच्या शेडकडे धावत सुटली. मागच्या कपाटावर तिनं नुकतंच जावयाला पाठवलं होतं.

जावयाला नोकरी तिनंच लावली होती, काम तिनंच शिकवलं होतं. त्याला सळईचा कंटाळा. "आई, पाच मिनिटांत सगळं जिरतंच ना?" त्यानं एकदा विचारलं होतं, आणि ती घाईत "जिरतं" म्हणून गेली होती. आता धावताना तिला निम्मा राग त्या तज्ज्ञाचा येत होता आणि निम्मा स्वतःचा. लेकीचा संसार त्या एका शब्दावर टांगला होता.

ती पोचली तेव्हा जावई दार उघडून, हातात पाना घेऊन आत वाकला होता. तिनं कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि सगळ्यांच्या देखत थोबाडीत दिली.

"आई, पाच मिनिटं झाली होती," तो गाल धरून म्हणाला.

"सळई कुठाय?"

त्यानं कोपऱ्यातल्या सळईकडे पाहिलं. तिनं मीटर लावून आकडा दाखवला, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

गलका ऐकून मॅनेजर आले. झालं ते ऐकून म्हणाले, "मावशी, झालं तर काही नाही ना? कशाला राईचा पर्वत करता?"

"हो ना," मावशी म्हणाली. "दहा मिनिटं झालीत बंद करून. घाला हात."

"मी काय वायरमन आहे?"

"वीज ओळखपत्र बघत नाही, साहेब. घाला."

मॅनेजरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मावशीनं सळई आणून जावयाच्या हातात दिली. त्यानं ती डब्याला टेकवली. फाडकन आवाज झाला, सळईचं टोक काळं पडलं आणि मॅनेजर दोन पावलं मागे सरले.

"ठीक आहे," ते घसा साफ करत म्हणाले, "उद्या बसवून घेऊ रेझिस्टर."

"उद्या?" मावशी म्हणाली. "मग आज दुपारच्या पाळीला कुणाचा जावई पाठवू?"