शुक्रवारी बरा असणारा कम्प्युटर

नरेशने कापडाचे दोन तुकडे माझ्यापुढे टाकले. "सांगा, एकच रंग हाय का?"

एक मोरपंखी होता. दुसराही मोरपंखीच, पण शेवाळ धरल्यासारखा. कुणालाही फरक कळला असता.

"कम्प्युटरने सांगितलं तेवडंच घातलं मी," तो म्हणाला. "शेठ म्हनतो तुजा हात हलतो. आता एक लॉट जरी बिघडला तरी मी घरी."

नरेश बोईसरच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात लॅब सांभाळायचा. सोळा वर्षं. आधी तो नुसत्या नजरेने रंग जुळवायचा. मग शेठने कम्प्युटर आणला. गिऱ्हाइकाचा तुकडा एका यंत्राच्या भोकासमोर धरायचा, यंत्र रंग मोजतं आणि कम्प्युटर हिशेब करून सांगतो, कुठला रंग किती ग्रॅम घालायचा. त्याला रेसिपी म्हणतात. मी त्या कम्प्युटरचा मिस्त्री. शिक्षण सातवी. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग हे. इंग्रजी धड येत नव्हतं, पण बोर्डावरचे आकडे समजायचे.

रेसिपी मधूनच चुकते, ही तक्रार माझ्याकडे आली त्याला दोन आठवडे झाले होते; त्याआधीचे बिघडलेले लॉट शेठने नरेशच्या हातावर ढकलले होते. पहिल्या शुक्रवारी मी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, तिचे पितळी दात खोडरबराने घासले, परत बसवली. बोईसरच्या हवेत तांबं-पितळ काळं पडतं, त्यामुळे निम्मी दुखणी खोडरबरानेच बरी होतात. दुसऱ्या शुक्रवारी व्हायरस शोधायची फ्लॉपी फिरवली, केबल बदलली, अर्थिंग बघितलं. दोन्ही वेळा तोच मोरपंखी तुकडा यंत्रासमोर धरला. रेसिपी अगदी बरोबर आली. आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यात लॉट बिघडला.

हा तिसरा शुक्रवार होता. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. कम्प्युटर मोकळा मिळायचा तो त्याच दिवशी.

त्या दिवशी सुमन, माझी बायको, माझ्याबरोबर आली होती. तिला सुट्टीची एमआयडीसी आवडायची. आता तो दिवस आठवतो तेव्हा त्यात आवाजच नसतो. चिमण्यांतून धूर नाही. रस्त्यावर ट्रक नाही. गटारातलं पाणी वरच्या अंगाला जांभळं, खाली येता येता गुलाबी, आणि एक बगळा त्यात पाय बुडवून उभा. सुमन लॅबच्या खिडकीत बसून शेड कार्डं बघत होती. शेड कार्ड म्हणजे रंगवलेल्या कापडाच्या बोटाएवढ्या पट्ट्या, कागदावर ओळीने चिकटवलेल्या. ती एकेका पट्टीवरून बोट फिरवत होती. मधेच म्हणाली, "हा आपल्या वालाच्या फुलाचा." मग पुढचं कार्ड. ऊन तिच्या गुडघ्यावर आलं आणि सरकून गेलं. मला वाटतं मीही स्क्रू हातात धरून नुसता बसलो होतो.

आता माझी चोरी सांगतो.

पहिल्या तक्रारीच्या आधी दोन महिने शेठ म्हणाला होता, कम्प्युटर फार हळू आहे. मी म्हटलं, नवीन घ्या. तो म्हणाला, "इसीको भगाओ." मी पळवला. प्रोसेसर म्हणजे कम्प्युटरचं हिशेब करणारं डोकं. ते ठरावीक ठोक्यावर चालतं. हा होता एकशे तेहतीस मेगाहर्ट्झचा. बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढी टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती दोन पिनांवरून काढून शेजारच्या दोन पिनांवर घातली की ठोका एकशे सहासष्ट. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. बनवणाऱ्याने ठरवलं त्यापेक्षा जास्त पळवायचं; मग तो तापतोही जास्त. शेठ खूश झाला. काय केलं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तक्रार आल्यावर माझा हात पहिला तिथे जायला हवा होता. गेला नाही. टोपी बदलल्यावर मी तो दिवसभर चालवून बघितला होता, एकदाही अडला नव्हता. आणि जास्त पळवलेला प्रोसेसर बिघडला तर स्क्रीन गोठते, एवढंच मला ठाऊक. तो चुकीचं उत्तर देऊन साळसूद चालत राहतो, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारीही रेसिपी बरोबर आली. नरेश डोक्याला हात लावून बसला.

सुमन खिडकीतूनच म्हणाली, "तुमी हितं शुक्रवारीच येता ना?"

"मग? बाकीचे दिवस तो कामात असतो."

"आनि बाकीचे दिवस पन हितं असंच गार असतं?"

नरेश हसला. "गार कसलं, वयनी? भिंतीपलीकडं बॉयलर हाय. दुपारी टेबलावर पापड भाजून देतो तुमाला."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. टोपी बदलली तो दिवसही शुक्रवारच होता.

शनिवारी सकाळी जाऊन बसलो. नरेशला सांगितलं, एकच तुकडा, पुन्हा पुन्हा. तो रेसिपी कागदावर लिहीत गेला. नऊला बरोबर. अकराला बरोबर. अडीचला पिवळा रंग एकदम तिप्पट आला. स्क्रीन गोठली नाही, काही नाही. लगेच परत मोजलं, तर तिसरंच उत्तर. मी झाकण काढून प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला बोट लावलं. चटका बसला.

बंद करून टोपी जुन्या जागी घातली. बॉयलर चालूच होता. पाच वाजेपर्यंत वीस वेळा मोजलं. वीस वेळा एकच उत्तर.

नरेश ठोकळ्याकडे नाही, त्या टोपीकडे बघत होता. "ही कोनी हलवली होती?"

"मी."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "शेठला तुमी सांगता का मी सांगू?"

"मीच सांगतो."

सांगितलं. शेठने आधी नरेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माल तू बिघाडला, और मैं इसको निकाल रहा था?"

"हो."

"पकडलं कसं?"

"शुक्रवारी बॉयलर बंद असतो, हे ध्यानात आलं."

"किसके?"

"माझ्या," मी म्हणालो.

शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नको. नरेश राहिला. रिटायर होईपर्यंत राहिला. माझ्याशी मात्र वर्षभर बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

घरी आलो तर सुमन बोंबील साफ करत होती. म्हटलं, "मला काढलं."

"आनि नरेशभाऊ?"

"राहिला."

"मंग हात धुवा," ती म्हणाली.

शेठला काय सांगितलं ते तिने विचारलं नाही. मीही बोललो नाही. पुढे माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जो कोणी हे काम शिकायला आला त्याला मी ही गोष्ट सांगितली: जी वस्तू रोज गरम जागेत राबते, ती गार दिवशी तपासू नये. दर वेळी माझीच अक्कल म्हणून सांगितली, कधीकधी सुमन मागे भाजी निवडत असताना. ती ऐकायची आणि निवडत राहायची. आता घरात ऐकायला कोणी नाही. ती अक्कल तिची होती.