बुरूज कधी घ्यायचा

लक्ष्मीबाई जिंतूरला आमच्या गल्लीत राहतात, भिंतीला भिंत लागून. मी शाळेत शिकवते, त्या कापूस वेचायला जातात. नवरा सिताराम काविळीनं लवकर गेला. पोरगा एकच, सुगत. त्याला त्यांनी वेचणी-खुरपणी करून डिप्लोमा करवला आणि तो पुण्याला एका कारखान्यात लागला. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लक्ष्मीबाईचे पांग फिटले. सुखाबद्दल बोलायची लक्ष्मीबाईंना सवयच नव्हती.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीत सुगत गावी आला होता. परभणीहून मित्राच्या मोटरसायकलवर परत येताना, बोरीच्या अलीकडं, रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. दिवेलागणीची वेळ, ट्रॉलीला मागं ना दिवा ना लाल पट्टी. मित्र गेला. सुगत वाचला, पण मानेचा मणका मोडला. पाच महिन्यांनी त्याला घरी आणलं तेव्हा त्याला मान वळवता येत होती, बोलता येत होतं, आणि उजवा खांदा बोटभर उचलता येत होता. बाकी काहीच नाही. सव्वीस वर्षांचा पोरगा.

लक्ष्मीबाईंनी वेचणी सोडली. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, लघवीची नळी बघायची, अंग पुसायचं, घास भरवायचा. मी शाळेतून आले की अर्धा तास त्यांच्याकडं बसायची. पहिलं वर्ष सुगत भिंतीकडं तोंड करून असायचा. बघायला येणारे कमी होत गेले.

मग पुण्याच्या खोलीतलं त्याचं सामान आलं. त्यात पत्त्यांचा एक डबा होता. रविवारी पोरं खोलीवर खेळायची, तो खेळ. सुगत म्हणाला, "माय, डबा उघड. तुला शिकवतो."

"मला कुठं वाचता येतंय ते इंग्रजी?"

"चित्रं हायेत. वाचायचं न्हाई."

खेळ असा. प्रत्येकाला सुरुवातीला दहा साधे पत्ते. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब. दर पाळीला आपल्या गड्डीतले पाच पत्ते उचलायचे, हातात जितके थेंब असतील तितक्यात मधल्या ढिगातून नवा पत्ता घ्यायचा. विहिरीचे थेंब दोन, कालव्याचे तीन. घेतलेला पत्ता आपल्याच गड्डीत जातो, पिसल्यावर पुन्हा हातात येतो, म्हणजे गड्डी हळूहळू ताकदवान होत जाते. आणि मध्ये नऊ बुरूज. एका बुरजाला आठ थेंब लागतात. शेवटी ज्याच्याकडं बुरूज जास्त, तो जिंकला.

"मग पयल्यापासून बुरूजच घ्यावं की," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"तिथंच समदे फसतात. बुरजावर थेंब न्हाई. हातात आला की नुसती जागा अडवतो. लवकर घेतले तर पाचातले तीन पत्ते दगड. मग ना पानी, ना काय. आधी गड्डी भक्कम कर. बुरूज शेवटी."

गल्लीतल्या सुताराकडून त्यांनी खाचा पाडलेली एक फळी करून आणली. ती सुगतच्या छातीवर ठेवायची आणि त्याचे पत्ते न बघता, पाठ आपल्याकडं करून खाचांत उभे करायचे. तो म्हणायचा, "डावीकडून दुसरा आन चौथा. कालवा घे." त्या घ्यायच्या. दुपारी तीनच्या वळवणीनंतर डाव बसायचा. मीही दोन-तीनदा खेळले आणि वाईट हरले.

सुगत बदलला. आवाजात जोर आला, जेवण वाढलं. प्रत्येक डाव तोच जिंकायचा, तरी नंतर आईला समजावून सांगायचा, कुठं चुकलं ते. असे तीन-चार महिने गेले.

एके दिवशी मी आत गेले तर डाव अर्धवट पडलेला. सुगतचे चार बुरूज, लक्ष्मीबाईंचे चार, मध्ये एकच उरलेला.

सुगत माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, हिच्या हातात नऊ थेंब होते. बुरूज उचलला असता की जिंकली असती. हिनं विहीर घेतली."

"चुकलं माझं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"चुकलं न्हाई. तुझ्या गड्डीत सहा विहिरी हायेत, मी मोजतोय. सातवी कशाला लागती? कधीपासून करायलीस?"

त्या पदराशी चाळा करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हरलास की तुझं तोंड उतरंल, म्हनून."

"उतरू दे." त्याला दम लागत होता, चार शब्दांवर थांबावं लागायचं. "हागणं-मुतणं तुझ्या हातावर हाय. माशी बसली तर तू हाकलायची. हितं एकाच गोष्टीत मी तुझ्यासमोर बसून व्हतो, माय. तेबी तूच भरवायलीस व्हय?"

त्यानं तोंड भिंतीकडं केलं ते नऊ दिवस. दहाव्या दिवशी लक्ष्मीबाईंनी न विचारता फळी त्याच्या छातीवर ठेवली आणि पत्ते पिसले. म्हणाल्या, "आता मी सोडनार न्हाई. रडलास तरी."

त्या दिवशी त्या जिंकल्या. दुसऱ्या दिवशीही. मला नंतर त्यांनीच सांगितलं, त्याची चूक त्यांना केव्हाच कळली होती, फक्त वापरली नव्हती. सुगत सहा-सात कालवे होईपर्यंत बुरजाला हात लावायचा नाही. लक्ष्मीबाई चार कालवे झाले की बुरूज घ्यायला लागायच्या. मधले दोन-तीन हात रिकामे जायचे, पण तोवर तीन बुरूज त्यांच्याकडं आलेले असायचे आणि मग दोनच हवे असायचे.

"तू गड्डी लय सजवतोस," त्या त्याला म्हणाल्या. "सजवस्तोर बुरूज संपत्यात."

तो चिडायचा, पुन्हा मांड म्हणायचा. पाच बुरूज उरले की आपणही कालवे सोडून बुरजामागं लागायचं, असं त्यानं शोधून काढलं. पुढचे दोन महिने कधी तो जिंकायचा, कधी त्या. मी त्या घरात हसणं ऐकलं ते तेव्हाच.

चोवीसच्या उन्हाळ्यात माकडहाडावर जखम झाली. लक्ष्मीबाईंच्या वळवण्यात खाडा नव्हता. पण त्याच्या अंगाखालची हवेची गादी फुटली होती आणि नवी यायला तीन आठवडे लागले. जखम हाडापर्यंत गेली. ताप चढला तेव्हा त्याला परभणीला दाखल केलं. मी शनिवारी गेले. वॉर्डात पंखा होता, पण वारा खाली पोचत नव्हता. लक्ष्मीबाईंनी पिशवीत पत्त्यांचा डबा नेला होता.

"खेळायचं का?" त्यांनी विचारलं. त्यानं डोळ्यांनीच हो म्हटलं.

पहिल्या दोन हातांत त्यानं दोन कालवे घेतले. नेहमीसारखंच. तिसऱ्या हातात नशिबानं दोन्ही कालवे एकदम आले, वर तीन साधे. नऊ थेंब. इतक्या लवकर असा हात क्वचित लागतो. तिसरा कालवा घेतला तर पुढं त्याला अडवणं अवघड.

"बुरूज घे," सुगत म्हणाला.

लक्ष्मीबाईंचा हात थांबला. "आत्ता?"

"घे."

"आरं, तिसराच हात हाय. गड्डी अडकंल तुझी."

"घे ना, माय."

त्यांनी बुरूज घेतला. मग त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "बाई, सिस्टरला बोलवा. ह्यो शुद्धीत न्हाई." मी पळाले. सिस्टरनं ताप बघितला, डॉक्टरांना फोन लावला. रक्तात विष भिनलं होतं. त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही. सोमवारी सकाळी गेला.

अंत्यविधीला त्रिशरण झालं, माणसं आली, गेली. पावसाळा लक्ष्मीबाईंनी घरातच काढला. दाराशी बसायच्या, चहा दिला तर प्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं. आत्ता का, म्हनून. तेवढ्यात सिस्टरला बोलवायचं व्हतं."

"दोन मिनिटांनी काय फरक पडणार होता?" मी म्हणाले.

"शुद्धीत नसंल तर न्हाई पडत," त्या म्हणाल्या. "शुद्धीत असंल तर? आपला डाव पुरा व्हत न्हाई, हे त्याला कळलं असंल तर? मंग मी त्याला येडा ठरवला की. शेवटचं बोलणं आमचं तेच."

मी त्यांचा रिकामा कप उचलून आत ठेवला.

कार्तिकात वेचणी सुरू झाली. सकाळी सातला कोपऱ्यावर टेम्पो येतो. लक्ष्मीबाई आता त्यात जातात. गुडघे दुखतात, वर चढताना टेम्पोतली बायनाबाई त्यांना हात देते. ओटीत कापूस भरत त्या सरीच्या शेवटापर्यंत जातात, तिथं थोडा वेळ उभ्या राहतात आणि दुसऱ्या सरीला लागतात.