रिग्रेट की अपॉलॉजी

फेब्रुवारी १९५६, सोमवार. ह्यांच्या ऑफिसच्या नोटिशीला द्यायचं उत्तर टाइप करून आणायचं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आठ दिवस हे तुरुंगात होते. नोकरी टिकते की जाते, ते या कागदावर ठरणार होतं.

गिरगावात पोस्टाबाहेर एक टायपिस्ट बसायचा. बोटं भरभर चालायची, पण एखाद्या शब्दाची शंका आली की दोन्ही हात मांडीवर ठेवून तो थांबायचा. ह्यांच्या मसुद्यातल्या ‘अपॉलॉजी’पाशी तो थांबला.

“बाई, हेच हवंय की ‘रिग्रेट’?”

“दोन्ही एकच ना?”

“सगळे तसंच समजतात. रिग्रेट म्हणजे तुमची गैरसोय झाली, वाईट वाटतं. अपॉलॉजी म्हणजे मी चुकलो.”

“रिग्रेटने नोकरी राहील?”

“ते तुमचे साहेब जाणोत. मला फक्त फरक ठाऊक.”

सल्ला दिला नाही, हे मला आवडलं. हे चुकले असं मला वाटत नव्हतं. “रिग्रेट घाला,” मी म्हटलं.

घरी ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑफिसला निघाल्यावर मी जवळच्या शाळेत गेले आणि शिवणाच्या बाईंची जागा रिकामी आहे का, ते विचारलं.